ईस्टर एका दिवसाचा, जेवणावळी पावसाळ्यापर्यंत

येत्या रविवारी, ५ एप्रिलला ईस्टर आहे. १८ फेब्रुवारीला राखेच्या बुधवारी सुरू झालेला उपवासकाळ संपेल आणि वसईपासून डहाणूपर्यंत आपल्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत पुन्हा मटण शिजेल, फुगे तळले जातील, केक कापला जाईल. या दिवसांत ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, चाळीस दिवस तोंड आवरलं, वजन दोन-तीन किलो उतरलं. आता सणाला काय करू?" विचारणारे बहुतेक जण मधुमेहाचे, रक्तदाबाचे किंवा गुडघेदुखीचे जुने पेशंट असतात. उतरलेले वजन टिकावे ही त्यांची खरीखुरी गरज असते.

माझे उत्तर सोपे आहे. सणाच्या दिवशी आवडीचे जेवा. जपायचे आहे ते सणाच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि नंतरचे दोन महिने.

उपवास कोणी, कसा करावा?

कॅथलिक नियमानुसार कडक उपवासाचे दिवस दोनच आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. या दिवशी एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे चालते. शिवाय उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य असते. हा उपवास १८ ते ५९ या वयाच्या निरोगी व्यक्तींसाठी आहे. आजारी माणसे आणि गर्भवती स्त्रिया यांना त्यातून सूट आहे. तरीही सत्तरीतले आजी-आजोबा गुड फ्रायडेला पाण्याशिवाय काही घेत नाहीत आणि एप्रिलच्या उन्हात 'क्रूसाची वाट' चालतात.

मधुमेहाच्या रुग्णांना इथे खरा धोका आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी घेतली आणि जेवण टाळले, तर रक्तातली साखर एकदम खाली येते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. अनेकदा घरच्यांना वाटते की ऊन लागले. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजायची सोय नसेल पण लक्षणे असतील, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि बरे वाटल्यावर भाकरी किंवा भात खायला घालावा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. उपवास करायचाच असेल, तर गोळ्या-इन्सुलिनचे काय करायचे हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने औषध बंद करू नका.

रक्तदाबवाल्यांसाठीही एक सूचना. मांस नाही म्हणून शुक्रवारी खारवलेली सुकी मासळी आणि लोणचे ताटात येते. दिवसभरातले एकूण मीठ पाच ग्रॅमच्या, म्हणजे सपाट चहाच्या चमचाभराच्या, आत असावे. खारी मासळी भिजवून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या आणि कालवणात वेगळे मीठ घालण्याआधी चव पाहा.

एका दिवसात किती वजन वाढते?

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभे राहिल्यावर एक-दीड किलो वाढलेले दिसते आणि माणूस हिरमुसतो. 'सगळी मेहनत वाया गेली' म्हणून मग आठवडाभर हात सैल सुटतो. इथे थोडा हिशेब करू.

शरीरात एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. दिवसाला २,००० किलोकॅलरींची गरज असलेल्या माणसाने सणाच्या दिवशी ३,५०० खाल्ल्या, तरी जास्तीच्या झाल्या १,५००. म्हणजे चरबी फार तर २०० ग्रॅम. मग काट्यावरचा बाकीचा आकडा कसला? मुख्यतः पाण्याचा. मिठामुळे शरीर पाणी धरून ठेवते. भात, पाव, साखर यांपासून यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन साठते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते. नेहमीचे जेवण सुरू झाले की तीन-चार दिवसांत हे पाणी निघून जाते. उपवासात पहिल्या आठवड्यात झपाट्याने उतरलेल्या वजनातही असाच पाण्याचा वाटा असतो.

तेव्हा एक ईस्टर कोणाला लठ्ठ करत नाही. पण आता दुसरा हिशेब पाहा. केकचा ५० ग्रॅमचा एक तुकडा म्हणजे अंदाजे २०० किलोकॅलरी. गरजेपेक्षा एवढेच जास्त रोज ६० दिवस खाल्ले तर होतात १२,०००. कागदावर हे दीड किलो होते. शरीर थोडे जुळवून घेते म्हणून प्रत्यक्षात काहीसे कमी भरेल. पण हे पाणी नसून चरबी असते, आणि ती आपोआप जात नाही.

२००० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या १९५ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंतच्या सणासुदीत त्यांचे वजन सरासरी ०.३७ किलोने वाढले. आकडा छोटा आहे. मात्र पुढच्या महिन्यांत ते वजन पुरेसे उतरले नाही. दरवर्षी असे थोडे थोडे साठत गेले, तर पंचविशीतला सडपातळ माणूस पन्नाशीत पोट घेऊन दवाखान्यात येतो.

खरी परीक्षा ईस्टरनंतर

आपल्याकडे हे जास्त लागू पडते, कारण उपवासकाळात चर्चमध्ये सहसा लग्ने लागत नाहीत. ती सगळी ईस्टरनंतर लागतात. एप्रिल-मे म्हणजे लग्ने, मुलांचे पहिले कम्युनियन, मुंबईहून आणि परदेशातून आलेले नातेवाईक, शाळांच्या सुट्ट्या. जूनमध्ये पाऊस सुरू होईपर्यंत दर आठवड्याला कुठेतरी पंगत असते. ख्रिस्ती नसलेल्या वाचकांनी हसू नये. लग्नसराई आणि आंब्याचे दिवस सगळ्यांनाच सारखे आहेत.

त्यात सणाचे जेवण टिकाऊ असते. इंद्याळ आणि सोरपोतेल यांत व्हिनेगर असते, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त मुरते. म्हणून पातेले भरून केले जाते आणि आठवडाभर रोज ताटात येते. यावर उपाय म्हणजे मोजून करणे. उरलेले पाहुण्यांबरोबर डब्यात द्या किंवा छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. एप्रिलच्या उष्म्यात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. फ्रिजमध्ये ठेवलेल्या डुकराच्या किंवा मटणाच्या रश्श्यावर सकाळी चरबीचा पांढरा थर गोठलेला दिसतो. तो चमच्याने काढून टाका आणि मग रस्सा उकळून घ्या. चवीत फारसा फरक पडत नाही. पण काढलेल्या चरबीच्या प्रत्येक मोठ्या चमच्यामागे शंभराहून अधिक किलोकॅलरी कमी होतात.

सणाचे ताट

फुगे हा वसईकडच्या सणाचा मान आहे, तो कोणी सोडू नये. पण मैदा, अंडी, नारळाचे दूध आणि वर तळण असा तो जड पदार्थ आहे. फुगे आणि भात आणि पाव असे तिन्ही न घेता, त्या दिवशी फुगे हीच भाकरी समजा. तेल नीट तापलेले असू द्या. थंड तेलात फुगा जास्त तेल पितो.

ताटाचा अर्धा भाग भाजी आणि कोशिंबिरीचा ठेवा. वसईच्या वाडीतली भाजी आणि काकडी, टोमॅटो, कांदा, बीट असे काहीही चालेल. तंतुमय पदार्थ आधी पोटात गेले की साखर हळू चढते आणि पोट लवकर भरते. गोडासाठी केक किंवा मार्झिपानचे अंडे, यांपैकी एक निवडा. मार्झिपान म्हणजे बदाम किंवा काजूची पूड आणि भरपूर साखर. मुलांना मिळालेली चॉकलेटची अंडी एकाच दिवशी संपवायची नसतात. १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये ५०० हून अधिक किलोकॅलरी असतात. नंतर खायला याच दिवसांत रस्तोरस्ती मिळणारे ताडगोळे आहेत, कलिंगड आहे. उन्हाळ्यात त्याहून चांगले काय?

पेयांतल्या कॅलरी कोणी मोजत नाही. ३०० मिलिलिटर थंड पेयात सहा चमच्यांच्या आसपास साखर असते. ६० मिलिलिटर व्हिस्कीत साधारण १४० किलोकॅलरी, बिअरच्या मोठ्या बाटलीत अडीचशेहून अधिक. अर्धा तास झपझप चाललो तर सव्वाशे-दीडशे खर्च होतात. उपवासकाळात दारू सोडलेल्यांनी ईस्टरला एकदम भरपाई करू नये. एका बैठकीत जास्त प्यायल्याने हृदयाचे ठोके अनियमित होतात. १९७८ साली डॉक्टरांनी याला 'हॉलिडे हार्ट' असे नावच दिले आहे. दारूबरोबर कलेजी आणि लाल मांस झाले, की गाऊट असलेल्यांचा पायाचा अंगठा त्याच रात्री सुजतो. आणि ज्यांनी दारू सोडली ती सोडलेलीच बरी.

उशिराचे जेवण आणि पाळीची नोकरी

शनिवारी रात्रीच्या मिस्सानंतर घरी येऊन एक-दोन वाजता भरपेट जेवण्याची अनेक घरांत पद्धत आहे. रात्री शरीराची साखर हाताळण्याची क्षमता दिवसापेक्षा कमी असते. तेच जेवण दुपारी जेवढी साखर वाढवते, त्यापेक्षा रात्री जास्त वाढवते. त्या रात्री केकचा एखादा तुकडा, थोडे दूध किंवा सूप घ्या आणि मोठे जेवण रविवारच्या दुपारी करा.

बोईसर-तारापूरकडच्या वाचकांसाठी हा प्रश्न एका रात्रीपुरता नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९पासून चालते आहे आणि एमआयडीसीतले अनेक कारखाने रात्रंदिवस सुरू असतात. नोकरीसाठी देशभरातून आलेली कुटुंबे इथे आहेत. रात्रपाळीवाल्याला ईस्टरलाही सुट्टी मिळेलच असे नाही. मग सणाचा डबा रात्री दोन वाजता कॅन्टीनमध्ये उघडतो. अशांनी पाळीवर जाण्यापूर्वी मुख्य जेवण करावे, मध्यरात्री हलके खावे, उदाहरणार्थ उकडलेले अंडे, चणे, एखादे केळे. वडापाव आणि तीन वेळचा गोड चहा टाळला तरी मोठा फरक पडतो. सकाळी घरी आल्यावर झोपण्याआधी थोडे खाऊन झोपावे. सुट्टीच्या संध्याकाळी चिंचणीच्या किनाऱ्यावर सगळ्या घराने मिळून चालायला जावे.

वजन मोजा, कंबर मोजा

२०१८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बर्मिंगहॅममधल्या २७२ जणांचा प्रयोग छापून आला. नाताळच्या काळात एका गटाने आठवड्यातून किमान दोनदा वजन करून लिहून ठेवले. त्यांना काही साध्या सूचना आणि कोणता पदार्थ जिरवायला किती चालावे लागते याची यादी दिली होती. दुसऱ्या गटाला फक्त एक माहितीपत्रक दिले. शेवटी दोन्ही गटांत सुमारे अर्ध्या किलोचा फरक पडला. औषध नाही, पथ्याचा तक्ता नाही.

आपणही हे करू शकतो. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, आठवड्यातून दोनदा वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. ईस्टरनंतरचे पहिले चार दिवस मात्र आकड्याकडे दुर्लक्ष करा. भारतीयांसाठी मर्यादा थोड्या खाली आहेत, कारण आपल्यात चरबी पोटावर लवकर साठते. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन ५९ किलोच्या वर गेले तर ते जास्त, ६४ च्या वर गेले तर लठ्ठपणा. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. टेप शेवटच्या बरगडीच्या आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध लावा, पोट आत न ओढता.

यजमानांनाही एक विनंती. आपल्याकडे आग्रह केल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. मधुमेही काका 'नको' म्हणाले तर ते लाजत आहेत असे समजू नका. दुसऱ्यांदा वाढण्याआधी एकदा विचारा आणि पहिल्या नकारावर थांबा. आणि स्वयंपाकघरात सकाळपासून चव घेत राहून दुपारी तीनला उभ्याउभ्या जेवणाऱ्या घरातल्या बाईला सगळ्यांबरोबर बसवा. तिचेही वजन आणि साखर याच घरात वाढते आहे.

१ जूनला पुन्हा एकदा कंबर मोजा. आजच्यापेक्षा जास्त भरली, किंवा तुमचे वय तिशीच्या पुढे आहे आणि साखर, रक्तदाब कधी तपासलेच नाहीत, तर जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे ही तपासणी मोफत होते.