लोहगडाचा किल्लेदार

लोहगडाच्या गणेश दरवाज्यापाशी एक शिलालेख आहे. दरवाज्याच्या कामाला शके 1712 मध्ये आरंभ झाला आणि शके 1716 मध्ये ते पुरे झाले, असे तो सांगतो. काम करवून घेणारे बाळाजी जनार्दन फडणीस, म्हणजे आपले नाना. ज्याच्या हातून ते झाले तो धोंडो बल्लाळ नित्सुरे. पावसाळ्यातल्या रविवारी या दरवाज्यातून माणसांची रीघ लागते, पण नित्सुऱ्याच्या नावापाशी थांबलेला माणूस क्वचितच दिसतो. मला मात्र या नावाने कित्येक वर्षे पछाडले आहे. दरवाजा बांधून झाल्यावर दहाएक वर्षांनी याच माणसाने खुद्द पेशव्याच्या माणसांवर गोळीबार केला. आणि तरीही त्याला सरळ बंडखोर म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सैन्याचा इतिहास आपण लढायांच्या तारखांनी वाचतो. लढाई एक-दोन दिवसांची असते, मुलूख राखणे मात्र बारमाही चालते. मुलूख राखणाऱ्याला अधिकार किती द्यायचा, किती वर्षे द्यायचा आणि त्याने हुकूम कोणाचा मानायचा, हे कोणत्याही राज्याला ठरवावेच लागते. आज पुण्यात लष्कराच्या सदर्न कमांडचे मुख्यालय आहे. अशा प्रादेशिक कमांड असाव्यात कशा, किती आणि कोणाच्या हाताखाली, यावर दिल्लीत गेली काही वर्षे खल चालू आहे. मावळात हा प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वीच सोडवला गेला होता, आणि पुढे त्याच डोंगरांवर ते उत्तर बिघडलेही.

मावळ तालुक्याच्या वाचकांना भूगोल सांगायला नको. बोरघाटाच्या तोंडावर राजमाची, इंद्रायणी आणि पवना या दोन खोऱ्यांच्या मधल्या डोंगरावर लोहगड-विसापूर, पवनेच्या पलीकडे तुंग आणि तिकोना. कोकणातून देशावर चढणारी वाट यांच्या नजरेतून सुटत नाही. यांतला एकटा गड घेऊन शत्रूचे भागत नाही आणि एकटा राखून आपलेही भागत नाही. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे 23 किल्ले सोडावे लागले त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. मिर्झाराजाने मावळाचा हा पट्टा तुकड्या-तुकड्यांनी मागितला नाही, अख्खाच मागितला. त्याआधी पुरंदरचा वेढा चालू असताना दाऊदखानाची फौज याच किल्ल्यांच्या पायथ्याची गावे जाळत फिरली. तेव्हा लोहगडाकडून सुमारे पाचशे स्वार आणि हजार पायदळ तिच्या अंगावर गेले, असे मोगलांच्याच बाजूच्या पत्रव्यवहारातून कळते. गडाखालचा मुलूख जळत असताना दरवाजे लावून बसणारी ही शिबंदी नव्हती.

ही शिबंदी चालायची कशी, हे सभासदाने लिहून ठेवले आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने 1697 च्या सुमारास जिंजीत राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली. तिच्यातली लढायांची वर्णने सगळेच वाचतात, गडांच्या बंदोबस्ताचा भाग घाईने उलटतात. माझ्या मते बखरीचे खरे सोने तिथेच आहे. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अंमलदार. तिघांचा दर्जा सारखा आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. धान्य आणि सामानसुमानाचा हिशेब कारखानिसाकडे. माणसे वेगवेगळ्या जातींची, म्हणजे तिघांनी एक होऊन गड शत्रूच्या पदरात घालावा हे सहजी जमू नये. गडाचा घेर मोठा असेल तर तटाचे भाग पाडून प्रत्येक भागावर तटसरनोबत. लढायला बाहेर पडणाऱ्या फौजेची उतरंड वेगळीच होती. पायदळात दहा माणसांवर नाईक, पन्नासांवर हवालदार, पुढे जुमलेदार, हजारी आणि सर्वांवर सरनोबत. गडाची माणसे जमिनीला बांधलेली, फौज फिरती. दोहोंचे मालक एकच, पण दोहोंचा कारभार एका माणसाच्या हाती कधीच नाही.

आज्ञापत्र याच्याही पुढे जाते. रामचंद्रपंत अमात्यांच्या त्या ग्रंथातले दुर्गांचे प्रकरण मी जेव्हा जेव्हा काढतो तेव्हा माझी नजर एका नियमावर खिळते. हवालदार तीन वर्षांनी बदलावा, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस आणि कारखानीस पाच वर्षांनी. त्यांच्या मुदती मुद्दाम पुढेमागे ठेवल्या आहेत. सगळे एकदम बदलले तर गडाची माहिती असलेला कोणी उरत नाही, आणि कोणीच बदलला नाही तर गड त्या माणसांच्या घरचा होतो. हे लिहिणाऱ्या अमात्यांनी राजारामांच्या काळात गड पैशांनी आणि फितुरीने जाताना पाहिले होते. हा नियम त्या अनुभवातून आला आहे.

गडाखालच्या वस्त्यांचा बंदोबस्तही गडाच्या कारभारातच यायचा. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर ही नावे महसुली दप्तरात आजही चालतात. घेऱ्यातली माणसे मेटांवर चौकीपहाऱ्याला असत, वाटा राखत. हवालदार बदलून जायचा, घेरा तिथेच राहायचा. हुकूम देणारा फिरता आणि जमीन जाणणारा कायमचा, या जोडीवर सगळी व्यवस्था उभी होती.

पेशवाईत ही जोडी सुटली. पण तिकडे जाण्याआधी वडगावला जायला हवे, कारण इंग्रजांनी याच मावळात याच प्रश्नावर कपाळमोक्ष करून घेतला. 1778 च्या अखेरीस रघुनाथरावाला गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. तिच्यावर एक सेनापती नव्हता, कमिटी होती. कर्नल एगर्टन, कारनॅक आणि मॉस्टिन. सेनापती आणि मुलकी अधिकारी यांच्यात कोणाचा शब्द शेवटचा यावर खटके उडत राहिले. मॉस्टिन आजारी पडून गेला, एगर्टनही आजारला आणि सूत्रे कॉकबर्नकडे गेली. फौज सामानसुमानासह दिवसाला जेमतेम एखाद-दोन मैल सरकत होती. कार्ल्याजवळ 4 जानेवारी 1779 ला कॅप्टन स्टुअर्ट पडला. हाच आपला इष्टूर फाकडा, त्याची समाधी वडगावात आहे. तळेगाव मराठ्यांनी आधीच जाळून ठेवले होते. जड तोफा तिथल्या तळ्यात टाकून इंग्रज रातोरात मागे फिरले आणि वडगावात महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना चहूबाजूंनी कोंडले. 16 जानेवारीला तह झाला. मुंबई सरकारने तो मानला नाही आणि कलकत्त्याने तर धुडकावूनच लावला. कारनॅक, एगर्टन, कॉकबर्न तिघेही कंपनीच्या नोकरीतून गेले. बंगालहून फौज घेऊन निघालेला कर्नल गोडार्ड तोवर वाटेतच होता. मुंबईची फौज वेगळी, बंगालची वेगळी, आणि दोघींना एका सुतात ओवणारा जागेवर कोणी नाही. पुढच्या शतकभराच्या भांडणाचे मूळ या वडगावात दिसते.

आता नित्सुरे. लोहगड हा नानांचा गड होता. सरकारचा म्हणण्यापेक्षा नानांचा म्हणणेच खरे. तिथे त्यांनी बावडी बांधली, दरवाजे बांधले, तिथे त्यांचे धन होते आणि तिथे त्यांनी आपला माणूस ठेवला. हा माणूस बदलला नाही. 1800 च्या मार्चमध्ये नाना वारले. बाजीरावाने नानांच्या माणसांची धरपकड केली, तेव्हा धोंडोपंतांनी लोहगड सोडला नाही. नानांच्या विधवेला, जिऊबाईंना, त्यांनी गडावर आसरा दिला. वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या बळावर बाजीराव पुन्हा पुण्यात बसला, तरी गड नित्सुऱ्यांकडेच. एकदा बाजीराव लोहगडापासून जवळच एका देवळात दर्शनाला आला असता गडकऱ्यांनी त्याच्या माणसांवर गोळीबार केला आणि पेशव्याला माघारी जावे लागले. आर्थर वेलस्ली इतका संतापला की गड हल्ला करून घेईन अशी धमकी त्याने दिली. अखेर त्याच्याच मध्यस्थीने तोड निघाली. जिऊबाईंनी पनवेलला जावे, त्यांना सालिना बारा हजार रुपये मिळावेत आणि धोंडोपंतांनी गड सोडून ठाण्यास राहावे.

मराठी राज्याच्या एका किल्लेदाराने मराठी राज्याच्या प्रमुखाला गड द्यायचा की नाही, हे इंग्रज सेनापतीने ठरवले. मला यात नित्सुऱ्यांचा दोष कमी दिसतो. त्यांनी मीठ ज्याचे खाल्ले त्याच्या बायकोला वाऱ्यावर सोडले नाही, हे लहान काम नाही. दोष नानांचा आहे. राज्याचा गड त्यांनी आपल्या घराचा केला, आणि आज्ञापत्रातला तीन वर्षांचा नियम जिथे सर्वांत आधी पाळायला हवा होता तिथेच तो मोडला. नानांच्या शहाणपणावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. लोहगड हा त्या शहाणपणाला लागलेला मोठा बट्टा आहे, असे मला वाटते.

1818 मध्ये याची किंमत चुकती झाली. कोकणातून वर आलेल्या कर्नल प्रॉथरने 4 मार्चला विसापूर घेतला. दुसऱ्या दिवशी लोहगड, आणि 14 मार्चला शेजारचा कोरीगड. बाजीराव फौज घेऊन दूर पळत होता. गड आणि फौज यांचा एकमेकांशी संबंधच उरला नव्हता. ज्या लोहगडाची शिबंदी 1665 मध्ये मोगलांच्या अंगावर धावून गेली, तो आता न झुंजता रिकामा झाला.

इंग्रजांनी मात्र वडगावचा धडा शिकायला 116 वर्षे घेतली. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांच्या तीन फौजा, आणि मुंबई-मद्रासच्या सेनापतींना आपापल्या गव्हर्नराच्या कौन्सिलात जागा. 1879 मध्ये सर ॲशली ईडन यांच्या आयोगाने हे मोडा म्हणून सांगितले. मुंबई आणि मद्रासच्या सरकारांना आपली फौज हातची जाऊ द्यायची नव्हती, आणि विलायतेतही घोंगडे भिजत राहिले. 1893 मध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि 1 एप्रिल 1895 ला इलाख्यांच्या फौजा संपून पंजाब, बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा चार कमांड झाल्या. सदर्न कमांड आपला स्थापना दिवस म्हणून हीच तारीख पाळते. पुढे किचनेरच्या काळातली फेररचना, नॉर्दर्न आणि सदर्न अशा दोन आर्मी, 1920 मध्ये पुन्हा चार कमांड. ही सगळी नावांची उलथापालथ आहे, तीत फार रमण्यात अर्थ नाही. पुणे जागेवर राहिले, कारण 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे चढली होती आणि मुंबई बंदर मुख्यालयाच्या हाकेच्या अंतरावर आले होते.

स्वातंत्र्यानंतर या कमांडने प्रादेशिक रचनेचे चीज केले. हैदराबादच्या कारवाईची आखणी लेफ्टनंट जनरल एरिक गोडार्ड यांची. वडगावनंतर पोहोचलेल्या त्या गोडार्डचे आडनाव इथे पुन्हा भेटते. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरच्या बाजूने मुख्य फौज शिरली, मेजर जनरल जे. एन. चौधरी तिच्यावर होते. तेच चौधरी 1961 मध्ये सदर्न कमांडचे प्रमुख असताना गोवा मुक्त झाला. 1971 मध्ये राजस्थानच्या वाळवंटातली लोंगेवाला चौकीही पुण्याच्याच हाताखाली होती, तेव्हाचे कमांडप्रमुख जी. जी. बेवूर पुढे लष्करप्रमुख झाले. कमांडप्रमुखाचा अधिकार कित्येक राज्यांवर पसरलेला असतो, पण माणूस एक-दोन वर्षांत बदलतो आणि साठीला निवृत्त होतो. रामचंद्रपंतांना हे पसंत पडले असते.

त्यांना एक गोष्ट मात्र खटकली असती. पुण्यात भूदलाची सदर्न कमांड. तासाभराच्या अंतरावर लोणावळ्यात नौदलाची आयएनएस शिवाजी, 15 फेब्रुवारी 1945 पासून जहाजांच्या इंजिनांचे शिक्षण देणारी. तिचे वरिष्ठ मुख्यालय कोचीत. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरचे हवाई दल गांधीनगरच्या साउथ वेस्टर्न एअर कमांडकडे. एकाच जिल्ह्यात तीन दले, आणि तिघांचे हुकूम तीन राज्यांतून. देशभर भूदलाच्या सात, हवाई दलाच्या सात आणि नौदलाच्या तीन अशा सतरा कमांड आहेत. तिन्ही दलांची मिळून प्रादेशिक कमांड अंदमान-निकोबारला 2001 पासून आहे. 2020 मध्ये संरक्षण दल प्रमुखाचे पद आले, आणि संयुक्त संघटनेच्या प्रमुखाला तिन्ही दलांच्या माणसांवर शिस्तीचा अधिकार देणारा कायदा 2023 मध्ये झाला. मुलूख एकाच्या हाती द्यावा, हे मला पटते. वडगावची कमिटी पुन्हा नको. हवाई दलातल्या जाणकारांची शंका अशी की आधीच मोजकी असलेली विमाने प्रदेशाप्रदेशांत वाटून टाकू नयेत. तीही मला रास्त वाटते, कारण महाराजांनीसुद्धा फिरती फौज गडागडांवर वाटून दिली नव्हती.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला. त्यातल्या 12 किल्ल्यांत मावळातला लोहगड एकटाच आहे. विसापूर, तुंग, तिकोना, राजमाची त्यात नाहीत. निधी, पाट्या, पहारेकरी आणि सरकारी लक्ष आता लोहगडाकडे वळेल, आणि शेजारचे चार गड आहेत तसेच ढासळत राहतील, ही भीती खरी आहे. मावळच्या लोकप्रतिनिधींनी आणि पुरातत्त्व खात्याने या पाच गडांचा आराखडा एकत्र करावा. आणि वाचकहो, लोहगडावर जाल तेव्हा गणेश दरवाज्यात थांबून धोंडो बल्लाळांचे नाव वाचा, मग गडाच्या विंचूकाटा माचीवर जाऊन तुंग आणि तिकोना कुठे आहेत ते बरोबरच्या मुलांना दाखवा.