माल विकताना त्याचा आकडाही सांगा

वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या भागात आपले अनेक बांधव गवंडीकाम, सेंट्रिंग, विटा, पत्रे व फरशीच्या धंद्यात आहेत. गिऱ्हाईक विचारते, "घर थंड राहील ना?" आपण म्हणतो, "माल एक नंबर आहे." मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हे उत्तर पुरत नाही आणि बोल मिस्त्रीला लागतो.

मालातून उष्णता किती सहज आरपार जाते, त्याला उष्णतावाहकता म्हणतात. भारतीय मानक ब्युरोच्या एस.पी. ४१ या पुस्तिकेत हे आकडे आहेत : भाजलेली वीट ०.८१, सिमेंट काँक्रीट १.५८, थर्माकोल ०.०३५, लोखंडी पत्रा ६१. आकडा लहान तितका माल उष्णता अडवणारा. मीटरमधील जाडीला या आकड्याने भागले की अडथळा निघतो. नऊ इंची विटेची भिंत ०.२८ अडथळा देते, पाच इंची स्लॅब अवघा ०.०८. म्हणजे दिवसभर ऊन खाणारे छतच सर्वांत कमजोर! तरी गिऱ्हाईक भिंतीच्या महाग ब्लॉकवर पैसा घालते आणि छत तसेच सोडते. स्लॅबवर एक इंच थर्माकोल टाकून वर वॉटरप्रूफिंग व फरशी केली तर ०.७१ ची भर पडते. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेने छतातून शिरणाऱ्या उष्णतेला जी मर्यादा घातली आहे, तिच्या आत हे छत बसते. नुसता स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून वर जातो. पत्र्याच्या दुकानाचे तर विचारूच नका.

शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसचे वीज केंद्र आहे. अशा केंद्रांच्या राखेच्या विटा चांगल्या की वाईट, यावर वाद घालण्यापेक्षा तपासणीचा अहवाल मागावा. त्यावर प्रयोगशाळेचे नाव, तारीख, दाबशक्ती व पाणी शोषण पाहावे. जुन्या घाण्याचा कागद नव्या मालाला जोडणे हेही मापात मारणेच आहे. सूरह मुतफ्फिफीनमधील ताकीद तराजूपुरती समजू नये.

अहवाल नसेल तर ढोबळ परीक्षा घरीच होते. चांगली वाळलेली वीट तोलावी, चोवीस तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा तोलावी. साध्या विटेला वीस टक्क्यांपर्यंत वाढ चालते. तीन किलोची वीट तीन किलो सहाशे ग्रॅमच्या वर गेली, तर ती गाडी परत पाठवावी.