संगणकीय घड्याळांचे समकालन

संगणकांच्या जाळ्यातील प्रत्येक संगणकाचे घड्याळ एखाद्या विश्वसनीय प्रमाण वेळेशी, आणि त्यायोगे एकमेकांशी, जुळते ठेवण्याच्या क्रियेला समकालन असे म्हणतात. मोठ्या संस्थांत या कामासाठी स्वतंत्र यंत्रणा व जाणकार माणसे असतात. पाचपंचवीस माणसांच्या कार्यालयात मात्र एकच सर्व्हर (इतर संगणकांना सामाईक सेवा पुरविणारा संगणक) असतो आणि त्याच्या घड्याळाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत नोंदीत अशा लहान सर्व्हरचे घड्याळ का चुकते व त्याचा दोष कसा शोधावा, याचे मुख्यतः विवेचन केले आहे.

संगणकाचे घड्याळ केवळ माणसाने पाहण्यासाठी नसते. फायलीत शेवटचा बदल केव्हा झाला, हिशेबातील नोंद केव्हा केली, कोणत्या वापरकर्त्याने केव्हा प्रवेश केला, या सर्वांवर सर्व्हर आपल्या वेळेचा शिक्का मारीत असतो. दोन संगणकांच्या घड्याळांत चार मिनिटांचे अंतर असेल, तर आधी घडलेली गोष्ट नंतर घडल्याचे नोंदीत दिसते. हजेरीच्या यंत्राचे घड्याळ दहा मिनिटे पुढे असले, तर वेळेवर आलेल्या कर्मचाऱ्याच्या नावावर उशिराची खूण पडते. असा वाद उपस्थित झाला म्हणजे यंत्राच्या नोंदीवर माणसाच्या शब्दापेक्षा अधिक विश्वास ठेवला जातो. म्हणून हा दोष केवळ तांत्रिक मानणे योग्य नाही. काही सेवा तर घड्याळ चुकताच बंद पडतात. विंडोज प्रणालीच्या डोमेनमध्ये ओळख पटविण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या केर्बेरॉस पद्धतीत सामान्यतः पाच मिनिटांपर्यंतचाच फरक चालतो. त्याहून अधिक फरक पडल्यास परवलीचा शब्द बरोबर असूनही प्रवेश नाकारला जातो. मोबाइलवरील उपयोजन दर तीस सेकंदांनी जो नवा संकेतांक तयार करते, त्याची पडताळणीही दोन्ही बाजूंच्या घड्याळांवर अवलंबून असते.

घड्याळ चुकण्याची कारणे : संगणकात वास्तविक दोन घड्याळे असतात. पहिले मुख्य मंडलफलकावरील यांत्रिक घड्याळ (आरटीसी) होय. संगणक बंद असतानाही ते बटणाच्या आकाराच्या ३ व्होल्टच्या लिथियम घटावर चालू राहते. त्यातील क्वॉर्ट्‌झ स्फटिकाची कंप्रता सेकंदास ३२,७६८ कंपने इतकी असते. ही संख्या २ चा पंधरावा घात असल्यामुळे तिचे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एका सेकंदाचा ठोका मिळतो. दुसरे घड्याळ प्रचालन प्रणालीचे (ऑपरेटिंग सिस्टिमचे) होय. संगणक सुरू होताना ती पहिल्या घड्याळाकडून एकदा वेळ घेते आणि पुढे दुसऱ्या आंदोलकाच्या साहाय्याने स्वतःच मोजत राहते. दोहोंचे दोष वेगवेगळे असल्यामुळे कोणते घड्याळ चुकले आहे हे प्रथम ठरवावे लागते.

स्वस्त स्फटिकाच्या कंप्रतेत दशलक्षांशी २० भाग इतकी त्रुटी असणे नेहमीचेच आहे. हा आकडा क्षुल्लक वाटला, तरी दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत त्यामुळे सुमारे १·७ सेकंदांचा, महिन्यात ५२ सेकंदांचा आणि वर्षात साडेदहा मिनिटांचा फरक पडतो. त्यात तापमानाची भर पडते. यांत्रिक घड्याळाचा स्फटिक सुमारे २५° से. तापमानास सर्वांत जलद चालतो. त्याहून उष्ण वा थंड हवेत तो मंदावतो आणि ही मंदगती तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४५° से. तापमानास दिवसाकाठी सुमारे सव्वा सेकंदाची पिछाडी पडते. वातानुकूलन नसलेल्या माळ्यावर किंवा जिन्याखालच्या कपाटात ठेवलेल्या सर्व्हरला उन्हाळ्यात हे तापमान अपरिचित नसते. सारांश, घड्याळ चुकणे हा त्याचा स्वभावच आहे. दोष असतो तो दुरुस्तीची यंत्रणा काम करीत नाही यात.

वेळेची देवाणघेवाण : ही दुरुस्ती बहुधा नेटवर्क टाइम प्रोटोकॉल (एनटीपी) या नियमसंचानुसार होते. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे डेव्हिड एल. मिल्स (मृत्यू २०२४) यांनी तो तयार केला व १९८५ मध्ये त्याचे पहिले विवरण प्रसिद्ध झाले. सध्या प्रचारात असलेल्या चौथ्या आवृत्तीचे विवरण २०१० मधील आहे. यात वेळेच्या स्रोतांची उतरंड मानली आहे. अणुघड्याळे व उपग्रहांचे संकेत घेणारी ग्राही यंत्रे शून्य स्तरावर असतात. त्यांना थेट जोडलेले संगणक पहिल्या स्तरावर, त्यांना वेळ विचारणारे दुसऱ्या स्तरावर, याप्रमाणे पंधराव्या स्तरापर्यंत ही मालिका जाते. सोळावा स्तर याचा अर्थ ‘समकालन झालेले नाही’ असा होतो.

वेळ विचारून उत्तर येईपर्यंत काही काळ जातोच. मग आलेली वेळ शिळी ठरत नाही काय, अशी शंका साहजिक आहे. तिचे उत्तर या पद्धतीत सुरेख रीतीने दिले आहे. समजा, आपल्या सर्व्हरने त्याच्या घड्याळात १० वाजून ० सेकंद झाले असता प्रश्न पाठविला. वेळ देणाऱ्या संगणकाला तो त्याच्या घड्याळानुसार १० वाजून २·०३० सेकंदांनी मिळाला व २·०३१ सेकंदांनी त्याने उत्तर धाडले. ते आपल्याकडे आपल्या घड्याळानुसार ०·०६१ सेकंदाला पोहोचले. एकूण ६१ मिलिसेकंदांतून उत्तर तयार करण्यात गेलेला १ मिलिसेकंद वजा केला की प्रवासाचा काळ ६० मिलिसेकंद येतो. जाण्यास व येण्यास सारखाच वेळ लागला असे मानले, तर प्रश्न पोहोचताना आपल्या घड्याळात ०·०३० सेकंद झाले असले पाहिजेत. म्हणजे आपले घड्याळ बरोबर २ सेकंद मागे आहे. मात्र जाण्यायेण्याचा वेळ सारखा असतो हे गृहीतच आहे. जाण्यास १० व येण्यास ५० मिलिसेकंद लागले असतील, तर त्या फरकाच्या निम्मी, म्हणजे २० मिलिसेकंदांची चूक निष्कर्षात शिरते आणि ती या गणिताला ओळखता येत नाही. कार्यालयीन कामास एवढी चूक बाधक नसते.

फरक कळल्यावर तो भरून काढण्याच्या दोन रीती आहेत. फरक १२८ मिलिसेकंदांपेक्षा कमी असेल, तर एनटीपीची मूळ कार्यप्रणाली घड्याळाची गती किंचित कमीजास्त करून तो हळूहळू मिटविते. ही गती सेकंदास अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा अधिक बदलत नाही. म्हणजे केवळ याच रीतीने एक सेकंदाची भरपाई करावयाची म्हटल्यास २,००० सेकंद लागतील. त्याहून मोठा फरक टिकून राहिल्यास काटा एकदम सरकविला जातो. आणि फरक १,००० सेकंदांपेक्षा, म्हणजे पावणेसतरा मिनिटांच्या आसपास किंवा त्याहून अधिक निघाला, तर ‘काहीतरी मुळातच बिघडले आहे’ असे समजून कार्यप्रणाली नोंदपत्रात शेरा लिहून चक्क बंद पडते. ही सावधगिरी योग्यच आहे. पण ती ठाऊक नसल्यामुळे पुष्कळांचा गोंधळ होतो. ज्या वेळी घड्याळ सर्वांत अधिक चुकलेले असते नेमक्या त्याच वेळी दुरुस्ती करणारा निघून गेलेला आढळतो. म्हणून सुरुवातीस एकदाच कितीही मोठा फरक स्वीकारण्याची मुभा त्याला देऊन ठेवावी लागते.

दोषनिदान : फरक किती आहे हे पाहिले की निम्मे निदान होते. फरक नेमका ५ तास ३० मिनिटांचा असेल, तर घड्याळात कोणताही दोष नाही असे समजावे. भारतीय प्रमाण वेळ समन्वित जागतिक वेळेच्या (यूटीसी) तितकीच पुढे आहे. लिनक्स प्रणाली यांत्रिक घड्याळात सामान्यतः जागतिक वेळ ठेवते, तर विंडोज स्थानिक वेळ ठेवते. एकाच संगणकावर दोन्ही प्रणाली आलटून पालटून चालविल्यास किंवा वेळेचा पट्टा निवडण्यास विसरल्यास हा फरक उद्भवतो. अशा वेळी हाताने काटे सरकविणे ही सर्वांत वाईट दुरुस्ती होय, कारण त्यामुळे पट्ट्याची चूक झाकली जाते व खरी वेळ बिघडते. (वेळेच्या पट्ट्यांचा घोळ मुंबईकरांना नवा नाही. भारतीय प्रमाण वेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी तिच्याहून ३९ मिनिटे मागे असणारी ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती.)

संगणक सुरू होताच काही वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागला, तर लिथियम घट संपला असे समजावे. वर्षानुवर्षे अखंड चालू असलेल्या सर्व्हरमध्ये हा दोष लपून राहतो आणि वीज दीर्घकाळ गेल्यानंतर प्रकट होतो. त्याचे परिणाम घड्याळाशी असंबद्ध वाटतात. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ‘अद्याप लागू झालेली नाहीत’ असे ठरून नाकारली जातात व इंटरनेटच बंद पडले अशी तक्रार येते. घट स्वस्त असतो व तो बदलण्यास थोडा वेळ पुरतो.

फरक दररोज थोडाथोडा वाढत असेल, तर समकालन होतच नाही हे उघड आहे. याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे फायरवॉलने यूडीपी पद्धतीचे १२३ क्रमांकाचे द्वार बंद ठेवलेले असते. २०१४ च्या सुमारास असुरक्षित एनटीपी सर्व्हरांचा गैरवापर करून मोठे हल्ले झाले, तेव्हापासून अनेक ठिकाणी या द्वारावर निर्बंध आले. एनटीपीच्या स्थितिदर्शक तक्त्यातील ‘रीच’ या स्तंभात शेवटच्या आठ प्रयत्नांचा हिशेब अष्टमान पद्धतीत असतो. ३७७ म्हणजे आठही प्रयत्न यशस्वी, ० म्हणजे एकही उत्तर नाही, ३७६ म्हणजे फक्त शेवटचा प्रयत्न फसला. हा आकडा शून्य असताना बाकीच्या स्तंभांचा अभ्यास करण्यात अर्थ नसतो. आकडा ३७७ असूनही फरक कमी होत नसेल, तर वेळ दुरुस्त करणाऱ्या दोन कार्यप्रणाली एकाच वेळी चालू आहेत काय ते पाहावे. एकीने पुढे ढकलायचे व दुसरीने मागे ओढायचे, असा प्रकार त्यात होतो.

सर्वांत फसवा प्रकार आभासी संगणकांमुळे उद्भवतो. हल्ली लहान कार्यालयातही एका प्रत्यक्ष यंत्रावर दोनतीन आभासी संगणक चालवितात व त्यांतील एकाकडे डोमेनचे नियंत्रण असते. सर्व संगणक त्या नियंत्रकाकडून वेळ घेतात. प्रत्यक्ष यंत्रही डोमेनचे सभासद असल्याने त्यालाच वेळ विचारते. परंतु नियंत्रक मात्र आभासीकरणाच्या सोयीमुळे ती वेळ त्याच प्रत्यक्ष यंत्राकडून घेत असतो. बाहेरच्या प्रमाण वेळेशी कोणाचाच संबंध नसतो आणि सगळे कार्यालय एका स्वस्त स्फटिकाच्या मागे वाहवत जाते. घड्याळे परस्परांशी तंतोतंत जुळतात, त्यामुळे प्रवेश नाकारला जात नाही, इशारा मिळत नाही. एखाद्या दिवशी कोणी भिंतीवरील पडद्याची वेळ मोबाइलशी ताडून पाहतो तेव्हा सहा मिनिटांचा फरक उघडकीस येतो. यावर उपाय म्हणजे नियंत्रकाची प्रत्यक्ष यंत्राकडून वेळ घेण्याची सोय बंद करणे आणि त्याला बाहेरचे स्रोत नेमून देणे. स्रोत निदान चार असावेत. एकच असल्यास त्याची चूक कळत नाही, दोन असल्यास कोणाचे चुकले हे ठरत नाही, आणि तिनांतील एक बंद पडला की पुन्हा दोनच उरतात.

चुकलेले घड्याळ पुढे असेल, तर ते मागे घेताना विशेष काळजी घ्यावी लागते. काळ उलटा गेल्यासारखा झाल्याने माहितीसंचातील नोंदींचा क्रम बिघडू शकतो व ठरावीक वेळेची कामे दोनदा होण्याचा संभव असतो. अशी दुरुस्ती कार्यालय सुटल्यावर, सेवा थांबवून करावी व किती फरक होता ते तारखेसह लिहून ठेवावे. जुन्या नोंदींचा वाद पुढे निघाल्यास तेवढाच आधार उरतो.

भारतातील व्यवस्था : भारतीय प्रमाण वेळ नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांच्या साहाय्याने राखते. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने (सर्ट-इन) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरविणाऱ्या संस्था, कंपन्या व शासकीय संघटना यांनी आपली घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) एनटीपी सर्व्हरांशी, अथवा त्यांच्यापर्यंत माग काढता येईल अशा सर्व्हरांशी जुळती ठेवावयाची आहेत. नोंदपत्रे १८० दिवस जपून ठेवण्याची अटही त्याच निर्देशांत आहे.

पृथ्वीच्या अनियमित परिवलनाशी मेळ राखण्यासाठी १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत जागतिक वेळेत २७ लीप सेकंद घालण्यात आले. भारतात असा जादा सेकंद पहाटे ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर येतो. ३० जून २०१२ च्या लीप सेकंदाने अनेक लिनक्स सर्व्हर खोळंबले होते. २०३५ पर्यंत ही पद्धत सोडून देण्याचा निर्णय वजने व मापे यांच्या सर्वसाधारण परिषदेने २०२२ मध्ये घेतला आहे. एनटीपीपुढे आणखी एक तारीख आहे. १ जानेवारी १९०० पासूनचे सेकंद मोजणारा त्याचा ३२ द्विमान अंकांचा गणक ७ फेब्रुवारी २०३६ रोजी भरून पुन्हा शून्यावर येईल. चौथ्या आवृत्तीत त्यासाठी युगांची तरतूद आहे. जुनी हजेरी यंत्रे व कॅमेऱ्यांच्या नोंदपेट्या यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक उपकरणाची तपासणी करूनच खात्री करून घ्यावी लागेल.