पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि पटकीचा जंतू

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे गेला की हमखास ऐकू येतं, “एवढ्या उन्हात जंतू कुठले जगतात!” पण जुलै 2022 मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी, कोयलारी, घाना आणि अमरावती तालुक्यातल्या नया अकोला या गावांत पटकी, म्हणजे कॉलरा, पसरला. महिन्याच्या मध्यापर्यंत 181 रुग्ण आणि 5 मृत्यू नोंदले गेले. त्याआधीचा उन्हाळा काही कमी कडक नव्हता.

हवा तापली की पाण्यातला जंतू मरतो, हा पहिला गैरसमज. 45 हे हवेचं तापमान. खोल विहिरीचं पाणी तेव्हाही गारच लागतं. शिवाय उष्णता वाढली की जंतू काही खास प्रथिनं जास्त बनवू लागतो. तापल्यामुळे विस्कटू पाहणाऱ्या इतर प्रथिनांना ती सावरून धरतात. म्हणून पाणी नुसतं कोमट करून भागत नाही. खळखळ उकळी फुटली पाहिजे आणि ती निदान मिनिटभर टिकली पाहिजे.

दुसरा समज असा की जंतू पाण्यात असो की पोटात, सारखाच विषारी. खरी गंमत इथेच आहे. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजतं. तेल असतं, पण बाटली उलटी केली तरी बाहेर येत नाही. जरा ऊब द्यावी लागते. पटकीच्या जंतूत थोडंफार तसंच घडतं. ‘टॉक्स-टी’ नावाचं प्रथिन बनवण्याचा निरोप आरएनएच्या धाग्यावर लिहिलेला असतो. पण थंडाव्यात धागा स्वतःवरच दुमडतो आणि प्रथिन बनवणारा रायबोसोम जिथे बसायचा, नेमकी तीच जागा झाकली जाते. निरोप आहे, पण वाचता येत नाही. जंतू माणसाच्या पोटात गेला, 37 अंशांची ऊब मिळाली, की घडी सैल होते आणि वाचन सुरू होतं. या घडीला शास्त्रज्ञ ‘आरएनए थर्मामीटर’ म्हणतात. पटकीच्या जंतूतला हा थर्मामीटर 2014 मध्ये उलगडला. टॉक्स-टी तयार झालं की आतड्याला चिकटणारे तंतू आणि पटकीचं विष, दोन्ही बनू लागतात. हे विष कोलकात्याच्या डॉ. शंभुनाथ डे यांनी 1959 मध्ये दाखवून दिलं होतं. अर्थात एकट्या तापमानावर सगळं ठरत नाही, आतड्यातल्या इतर खुणाही जंतू ओळखतो. पण आपल्या अंगाची नेहमीची ऊब त्याच्यासाठी ‘घर आलं’ अशी खूण आहे, हे नक्की.

“ताप नाही ना, मग साधी हगवण असेल,” हा तिसरा समज माणसाचा जीव घेतो. पटकीत बहुधा ताप येतच नाही. तांदळाच्या पेजेसारखे जुलाब सुरू झाले तर तापाची वाट पाहू नका. ओआरएस पाजत थेट दवाखाना गाठा. काही तासांतच शरीर कोरडं पडतं.

बर्फात जंतू मरतो, हाही असाच एक समज. गारठ्यात जंतूची वाढ थांबते, पण तो मरेलच असं नाही. उलट थंडीत तग धरायला तो वेगळी प्रथिनं बनवतो. गोळ्याचा बर्फ कुठल्या पाण्याचा आहे, हे विचारायलाच हवं.

तापलेली हवा पाण्यातल्या जंतूला मारत नाही, पण जंतू मारणाऱ्या औषधाला मात्र कमजोर करते. ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर तापलेल्या पत्र्याच्या खोलीत उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. मग विहिरीत पावडर टाकल्याची नोंद वहीत होते आणि पाण्याला गुण येत नाही. म्हणून या पावसाळ्यात गावच्या जलसुरक्षकाला सांगा, पाण्यातला क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट माझ्यासमोर करा. नळाच्या पाण्यात या टेस्टच्या औषधाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला नाही, तर ते पाणी उकळल्याशिवाय लेकरांना देऊ नका.