इफ्तारची सुरी आणि शौकिनाचा हात

असरची नमाज झाली की कोलाडच्या नाक्यावर फळगाड्यांभोवती गर्दी वाढू लागते. रायगडात भातकापणीनंतर पुष्कळ शेतकरी कलिंगड लावतात. त्यामुळे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला की महामार्गाच्या कडेला हिरव्या ढिगांना तोटा नसतो. पपई, खरबूज, चिकू, पेरू, केळी, सफरचंद पिशवीत भरून घरी येतात आणि मगरिबला जेमतेम अर्धा तास उरलेला असताना विळ्या आणि सुऱ्या बाहेर निघतात. दिवसभराचा रोजा, कोरडा घसा, चुलीवर भज्यांची कढई, सरबताला बर्फ हवा म्हणून मुलांचा गलका, आणि घड्याळ पुढे सरकत असते. हात कापायला याहून चांगली वेळ शोधून सापडणार नाही.

उर्दूत छुरी, मराठीत सुरी. दोन्ही शब्द संस्कृतातल्या क्षुरिकेच्याच पोटचे. घराघरांत या छुरी-सुरीचा एखादा शौकीन असतो. त्याची सुरी वेगळी, फडक्यात गुंडाळून फडताळाच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली. ती दुसऱ्या कोणी लिंबासाठी उचललेली त्याला खपत नाही. धार तो स्वतः लावतो आणि ती कागदावर, नखावर, कधी मनगटावरच्या लवेवर तपासून बघतो. कांदा असा चिरतो की पापुद्र्यातून पलीकडचे दिसावे. सफरचंदाला पाटाची गरज नाही, तळहातावरच चार फाका. आणि हे सगळे गप्पा मारत, मान वर करून. बघणाऱ्यांना कौतुक वाटते, आणि त्या कौतुकाची त्याला सवय झालेली असते.

(याच घरातली बाई बारा महिने, तीनशे पासष्ट दिवस, त्याच्या दसपट भाजी विळीवर चिरते. तिला कोणी शौकीन म्हणत नाही.)

मग एके संध्याकाळी सुरी निसटते. कलिंगड पाटावर गडगडते आणि पाते सालीवरून घसरते. किंवा फ्रिजरमधून काढलेले, एकमेकांना चिकटलेले मटणाचे तुकडे टोकाने सोडवताना ते टोक थेट तळहातात जाते. किंवा सफरचंद अर्धे होते आणि पाते तिथे न थांबता पुढे येते. रक्त बघून घर धावते. हळद आणा, चुना आणा, कोणी कॉफीची पूड सुचवते. खरे तर यांतले काहीच नको. वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची, स्वच्छ फडके ठेवून दहा मिनिटे घट्ट दाबून धरायची आणि हात छातीच्या वर ठेवायचा. रक्त थांबले का, हे दर मिनिटाला फडके उचलून बघायचे नाही.

रक्त थांबले की घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि घात इथेच होतो. बोटाच्या आतल्या बाजूला, तळहाताकडे, बोट वाकवणाऱ्या दोऱ्या म्हणजे स्नायुबंध असतात आणि दोन्ही कडांना संवेदना नेणाऱ्या नसा. कातडीच्या अगदी जवळ. अर्ध्या इंचाची, फारशी न वाहणारी चीरसुद्धा आत ही दोरी तोडून गेलेली असू शकते. म्हणून रक्त थांबल्यावर दोन गोष्टी पाहायच्या. बोटाचे शेवटचे पेर स्वतःहून वाकते का, आणि टोकाला स्पर्श कळतो का. यांपैकी एकाचेही उत्तर नाही आले, तर वरून दोन टाके घालून काम भागत नाही. तुटलेली दोरी पहिल्या काही दिवसांत जोडलेली बरी. उशीर झाला की तिची टोके मागे ओढली जातात आणि जोडणी अवघड होते. शस्त्रक्रियेनंतर पट्टी, व्यायाम, आणि जड काम साधारण तीन महिने बंद. धाटावच्या कारखान्यात रोजंदारीवर जाणाऱ्याला, रिक्षा चालवणाऱ्याला किंवा शिवणयंत्रावर बसणारीला हे तीन महिने कसे जातात, ते वेगळे सांगायला नको.

शिवाय कोलाडचा पत्ता लक्षात घ्यावा लागतो. रोह्याचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, माणगावचेही फार लांब नाही. पण हाताच्या बारीक शस्त्रक्रियेसाठी अनेकदा पनवेल किंवा मुंबई गाठावी लागते. 2011 मध्ये चौपदरीकरण सुरू झालेल्या आणि नंतर वर्षानुवर्षे रखडलेल्या पनवेल-इंदापूर टप्प्यावरच कोलाड येते. त्या रस्त्याबद्दल इथल्या माणसाला काही नव्याने सांगण्यात अर्थ नाही.

एवढे सोसल्यावर शौकीन बदलतो का? पहिले दोन आठवडे बदलतो. पाट घेतो, हळू कापतो, मुलांना लांब बसवतो. टाके निघतात तशी त्या संध्याकाळची गोष्ट तयार होऊ लागते. तिच्यात रक्त बादलीभर असते आणि डॉक्टर थक्क झालेले असतात. दोष मात्र हाताचा कधीच नसतो. कोणीतरी नेमकी तेव्हाच हाक मारली. कलिंगड ओले होते. सुरी बोथट होती. यातले शेवटचे कारण अर्धे खरे असते, त्यामुळे तेच सर्वात महागात पडते. बोथट पात्याला जोर जास्त लावावा लागतो आणि जोर लावलेले पाते घसरले की खोल जाते, हे बरोबर. पण त्यावरून शौकीन जो धडा घेतो तो असा की नवी, आणखी धारदार सुरी घ्यावी. म्हणजे अपघाताचा शेवट खरेदीत होतो. नवी सुरी येते आणि सफरचंद पुन्हा तळहातावर चढते. पाते बदलले, बोटांची जागा तीच राहिली.

सुरीने हात कापल्याचा एक जुना आणि प्रसिद्ध प्रसंग रमजानमध्ये कुरआनाचे पठण ऐकणाऱ्यांना ओळखीचा आहे. बाराव्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह युसुफमध्ये, तो येतो. अजीजच्या पत्नीबद्दल शहरातल्या बायका कुजबुजू लागल्या. तिने त्यांना मेजवानीला बोलावले, प्रत्येकीच्या हाती एकेक सुरी दिली आणि हजरत युसुफ (अलै.) यांना समोर यायला सांगितले. त्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या आणि फळ समजून स्वतःचे हात कापून बसल्या. हा प्रसंग सहसा हजरत युसुफांच्या सौंदर्याची महती म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. पण सुरीच्या बाजूने पाहिले तर नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे, हे अपघाताचे अचूक वर्णन आहे.

आणि त्यापुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. हात कापल्यावर त्या बायका शुद्धीवर येऊन घरी गेल्या का? कुरआनात तसे नाही. पुढच्याच आयतींत हजरत युसुफ अल्लाहकडे याचना करतात ती एकटीपासून नव्हे, त्या सगळ्याजणींच्या डावपेचांपासून सुटका मागतात आणि त्यापेक्षा तुरुंग बरा म्हणतात. रक्त निघाले तरी आग्रह सुटला नव्हता. तुरुंगात काही वर्षे गेल्यावर बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा बाहेर पडण्याआधी हजरत युसुफांनी निरोप पाठवला की ज्यांनी आपले हात कापून घेतले त्या बायकांची हकीकत आधी विचारा. जखमा केव्हाच भरल्या असतील, ओळख मात्र तीच उरली होती. बादशहाने समोर उभे करून विचारले तेव्हाच त्यांनी खरे सांगितले.

सवय बदलायला जखमेहून वेगळे काहीतरी लागते, आणि ते कोलाडच्या आसपास फार वर्षांपासून आहे. रानात जाणाऱ्या कातकऱ्याच्या कमरेला पाहावे. कोयता हातात लटकत नाही की खांद्यावर टाकलेला नसतो. तो पाठीमागे आकडीत अडकवलेला असतो. झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे, आणि पाय निसटला तरी पाते अंगाखाली यायची भीती कमी. कोयत्याने जखमी झालेला कोणीतरी फार पूर्वी नक्कीच असणार, पण त्याचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याची आठवण आकडीत राहिली आहे. तो कोयता वापरणाऱ्याला दर वेळी सावध राहायचे मनात आणावे लागत नाही, कारण ठेवायची जागाच ठरलेली आहे.

विळीचेही तसेच. काम झाले की ती मिटायची किंवा आडवी करून भिंतीकडे तोंड करून ठेवायची. उभी विळी दिसली की घरातली म्हातारी ओरडणारच. सुरी हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. पुष्कळजण याला भांडण होईल म्हणून पाळलेला समज मानतात. समज असेना का, बोटे वाचतात. हदीसमध्ये हीच रीत नियमाच्या रूपात आहे. मशिदीतून बाण घेऊन जाणाऱ्याला पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाणांची टोके धरून चालायला सांगितले, म्हणजे कोणाला ओरखडा जाणार नाही, आणि म्यानातून काढलेली तलवार एकमेकांच्या हाती देण्याला मनाई केली. जबह करताना सुरीला नीट धार लावावी, जनावराला यातना होऊ नयेत, हीदेखील त्यांचीच ताकीद. म्हणजे धारेला विरोध नाही. धार हवीच, पण ती कुठे असेल हे आधी ठरलेले हवे.

धारेशी सर्वात जवळचे नाते असलेली जमात महाराष्ट्रात शिकलगार म्हणून ओळखली जाते. पाते घासून चकचकीत करणारा तो सैकलगर, त्याचा आपल्याकडे शिकलगार झाला. पिढ्यान्‌पिढ्या तलवारी, मग कात्र्या आणि सुऱ्या. सायकलच्या चाकावर दगड फिरवणारा धारवाला कधी बारकाईने पाहावा. पाते दगडाला लावताना तो कोणाशी बोलत नाही. सुरी परत देताना मूठ गिऱ्हाइकाकडे असते. त्याला या कामाचा शौक आहे की नाही, कोण जाणे. त्याचे पोट या दहा बोटांवर आहे.

कुंडलिकेवर आता वेगळे शौकीन येतात. भिऱ्याच्या वीजगृहातून पाणी सुटले की राफ्टिंग सुरू होते आणि शनिवार-रविवारी नदीकाठचे तंबू पुण्या-मुंबईच्या तरुणांनी भरतात. काहींच्या कमरेला घडीचे चाकू असतात. पाते उघडल्यावर खटका बसत नसेल, तर लाकूड तासताना तोच चाकू मिटतो आणि बोट मध्ये येते. नदीवर बचावाचे काम करणाऱ्यांचा चाकू मात्र जगभर बहुधा निराळा असतो. तो लाइफ जॅकेटवर म्यानात बसवलेला आणि टोकाला बोथट, कारण त्याचे काम अडकलेला दोर कापणे एवढेच. पाण्याच्या ओढीत हात कितीही कसलेला असला तरी चुकेल, हे गृहीत धरूनच ते टोक बोथट केलेले आहे. शौकिनाला असा चाकू आवडत नाही. तो शोभत नाही म्हणे.

दुसऱ्याच्या जखमेने माणूस बदलल्याचे एक उदाहरण मात्र इतिहासात ठळक आहे. 1847 मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात याकोब कोलेच्का या डॉक्टरांना शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याच्या सुरीने बोटाला जखम झाली आणि त्यातून त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे मित्र इग्नाझ सेमेलवाइस यांनी त्यांच्या शवाचा अहवाल वाचला, तेव्हा प्रसूतीनंतर तापाने मरणाऱ्या बायकांच्या आणि मित्राच्या शरीरात त्यांना तीच लक्षणे दिसली. त्याच वर्षी त्यांनी प्रसूतिकक्षात जाण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरीही अनेक नामवंत डॉक्टर पुढे कित्येक वर्षे हात धुवायला राजी नव्हते. त्यांचे बोट कापले नव्हते म्हणून नव्हे. आपल्या कसबी हातातच दोष आहे, हे मान्य करणे त्यांना जड गेले.

इफ्तारच्या घरात करण्यासारखे थोडेच आहे आणि ते शौकिनावर सोडू नये. फळे असरच्या आधी कापून झाकून ठेवली तरी फ्रिजमध्ये मगरिबपर्यंत छान राहतात. केळी आणि सफरचंद काळे पडते, त्याला लिंबाचा रस पुरतो. पाटाखाली ओले फडके घातले की पाट सरकत नाही. कलिंगडाच्या बुडाचा एक काप आधी काढून ते सपाट बसवले की गडगडत नाही. गोठलेले मटण सहरीलाच खालच्या कप्प्यात काढून ठेवावे, टोकाने सोडवायची वेळच येऊ देऊ नये. आणि तळहातावर कापण्याला घरात सरळ बंदी. शौकीन रुसेल. पण ज्या घरात सफरचंद फक्त पाटावरच ठेवलेले मिळते, तिथे त्याचा हातही हळूहळू पाटाकडे जाऊ लागतो.

एक अडचण खास या महिन्यातली. दुपारी तीनला बोट कापलेला माणूस रोजा मोडेल म्हणून मगरिबपर्यंत दवाखान्यात जायचे टाळतो. जखमेतून रक्त वाहिल्याने रोजा तुटत नाही. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. त्यांच्या मते अशा रक्ताने वुजूही तुटत नाही. हनफींकडे वाहत्या रक्ताने वुजू तुटतो, रोजा मात्र राहतो. धनुर्वाताचे इंजेक्शन किंवा बोट बधिर करणारी सुई हे खाणेपिणे नव्हे, त्यानेही रोजा जात नाही, असेच आजचे बहुतेक उलेमा सांगतात. धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले होते, ते आठवून डॉक्टरांना सांगावे. शस्त्रक्रियाच करावी लागली किंवा गोळ्या पाण्याबरोबर लगेच घ्याव्या लागल्या, तर आजाऱ्याला रोजा सोडून तो नंतर कजा करण्याची मुभा कुरआनानेच दिलेली आहे. संध्याकाळची वाट पाहण्यात तीन-चार तास घालवू नयेत.