दिवा उठला, तरी मोटर थांबेना

यंत्रांच्या कुरबुरी : भाग १४

मिक्सरचा कपलर झिजला की काय होतं, हे घराघरात ठाऊक आहे. खाली मोटर जिवाच्या आकांताने ओरडते आणि वर भांड्यातलं खोबरं जागचं हलत नाही. घरातलं कुणीतरी लगेच निकाल देतं, ‘मोटर गेली’. दुरुस्तीवाला भांडं उचलतो, खालची रबरी चकती बघतो आणि हसतो.

आजची कुरबुर मिक्सरची नाही, पण जात तीच. अमेरिकेत १९८८ ते १९९६ या काळातली शेव्हरोले कॉर्व्हेट बाळगणारे हजारो हौशी लोक आहेत. या गाडीचे हेडलाइट दिवसा नाकात लपलेले असतात. बटण दाबलं की ते आडव्या आसाभोवती गर्रकन फिरून वर येतात. गाडी जुनी झाली की एक दिवस दिवे वर येतात, जागेवर बसतात, आणि त्यानंतरही नाकातून काही सेकंद ‘घर्रर्र’ चालूच राहतं. दिवे मिटवताना पुन्हा तेच. इथेही मालक म्हणतो, मोटर गेली. आणि बहुतेक वेळा इथेही मोटर ठणठणीत असते.

हे लिहिताना समोर वर्तमानपत्रावर अशी एक मोटर उघडून ठेवली आहे. आकार मोठ्या पेरूएवढा, त्याला चिकटलेली चपटी गिअरपेटी. पेटीच्या तळाशी काळपट ग्रीस आणि त्यात कणकण. ते कण म्हणजे आजच्या भागाचं मुख्य पात्र. पण आधी थोडं मागे जाऊ.

दिवे लपवण्याची हौस जुनी. १९३५ च्या अखेरीस लोकांपुढे आलेल्या कॉर्ड ८१० गाडीचे दिवे मडगार्डात बुडालेले असत आणि ते वर काढायला डॅशबोर्डच्या दोन्ही टोकांना एकेक हँडल होतं. विहिरीच्या रहाटासारखं फिरवत बसायचं. कॉर्व्हेटने १९६३ साली या कामाला विजेच्या मोटरी लावल्या, १९६८ साली ती इंजिनच्या व्हॅक्यूमकडे वळली आणि १९८४ च्या मॉडेलपासून पुन्हा मोटरीकडे आली. यामागे नुसता नखरा नव्हता. अमेरिकेत १९४० पासून ठरावीक मापाचे सीलबंद दिवेच लावावे लागत. ही सक्ती १९८३ मध्ये सैल झाली. शिवाय दिवा जमिनीपासून अमुक उंचीच्या खाली नको, हा नियम होताच. स्पोर्ट्स कारचं नाक तर जमिनीला टेकायला आलेलं. नाक खाली आणि दिवा वर, हे दोन्ही जमवायचं तर दिव्याला उठबस करायला लावणं भाग होतं.

आता मोटर. आर्मेचरच्या दांड्याचं टोक मळसूत्रासारखं कापलेलं असतं, त्याला वर्म म्हणतात. हा वर्म एका मोठ्या गिअरला हळूहळू फिरवतो. वेग कमी होतो, जोर वाढतो. या जोडीचा दुसरा गुण असा की वर्म गिअरला फिरवतो, पण गिअर वर्मला फिरवू शकत नाही. म्हणून वीज बंद असतानाही दिवा वाऱ्याच्या झोताने मागे पडत नाही. याच कारणासाठी अडकलेला दिवा हाताने ओढून वर काढू नये. जोर सगळा गिअरच्या दात्यांवर येतो. बॉनेट उघडलं की मोटरच्या टोकाला हाताने फिरवायची छोटी चकती दिसते, ती याचसाठी दिलेली आहे. कंटाळा येईपर्यंत फिरवावी लागते, पण दिवा उठतो.

खरी गंमत गिअरच्या पोटात आहे. गिअर बाहेरच्या दांड्याला थेट जोडलेला नसतो. मध्ये तीन छोटे प्लास्टिकचे रोलर बसवलेले असतात, आणि गिअरचा जोर त्यांच्यामार्फत दांड्याकडे जातो. मोटरसायकलचं मागचं चाक ज्याने उघडलंय त्याला हे लगेच कळेल. तिथे हबमध्ये कपलिंग रबर असतात, चेनचा झटका ते पोटात घेतात. हे तीन रोलर म्हणजे तेच. दिवा शेवटच्या टप्प्यावर पोचून थबकतो, पण आर्मेचर अजून वेगात असतं. तो धक्का दात्यांनी खाऊ नये म्हणून ही गादी.

वीस-तीस वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होतं. उन्हात तापलेलं नाक, इंजिनची धग, जुनं ग्रीस. एक दिवस रोलरचा चुरा होतो. मग गिअर फिरतो आणि दांडा मनात आलं तर फिरतो.

पण आवाज का लांबतो? दिवा वर पोचलाय, मग मोटर थांबत का नाही? मला या यंत्रातला हा सगळ्यात देखणा भाग वाटतो. या मोटरीला ‘पोचलो’ असं सांगणारा वेगळा स्विच नाही. मोटरीला वीज देणारा इलेक्ट्रॉनिक डबा फक्त करंटवर लक्ष ठेवून असतो. फिरती मोटर स्वतःच थोडी जनित्र असते. फिरता फिरता ती उलटा दाब तयार करते आणि बॅटरीच्या १२ व्होल्टना अडवते, त्यामुळे करंट मर्यादित राहतो. दिवा अडला, आर्मेचर थांबलं, की तो उलटा दाब शून्य होतो आणि करंट एकदम उसळतो. डब्याला ही उसळी दिसली की तो समजतो, दिवा पोचला, आणि वीज तोडतो.

रोलरचा चुरा झाला की ही उसळीच येत नाही. दिवा थांबतो, पण गिअर आत मोकळाच फिरत राहतो. डब्याला वाटतं दिवा अजून वाटेत आहे. तो वाट बघतो, बघतो, आणि ठरलेले सेकंद संपल्यावर नाइलाजाने हात काढून घेतो. आपण ऐकतो ती घरघर त्या वाट बघण्याची. म्हणून या दुखण्यात डबा बदलणं व्यर्थ, आणि अख्खी नवी मोटर घेणं म्हणजे बटण तुटलं म्हणून शर्ट फेकणं.

दुरुस्ती अवघड नाही, चिकट आहे. पहिलं काम बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्याचं. हे वाक्य मी प्रत्येक भागात लिहितो आणि एकदा स्वतःच विसरलो होतो. वायपरच्या दांडीने अंगठ्याचं नख काळं केलं ते महिनाभर दाखवत हिंडलो. हेडलाइटची मोटर त्याहून जोरदार असते. मग चकतीने दिवा अर्धा उघडायचा, बाहेरची पट्टी काढायची, दांड्याला जोडलेला हात कुठल्या कोनात बसलाय त्याची मार्करने खूण करायची. ही खूण न करणाऱ्याचा दिवा नंतर आकाशातले तारे शोधतो. मोटर बाहेर आली की पेटीचं झाकण उघडायचं आणि गिअर उचलायचा. चुरा ग्रीसमध्ये मिसळून कोपऱ्याकोपऱ्यात बसलेला असतो, तो रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने पूर्ण काढायचा. घाईत नवे रोलर टाकून जुनं ग्रीस तसंच ठेवणारे भेटतात. ते चार दिवसांनी पुन्हा आवाज ऐकतात, कारण तेच कण आता दात्यांत दळले जात असतात.

नवे रोलर कशाचे घ्यावेत यावर हौशी लोकांत जोरदार मतभेद आहेत. काहीजण रबरी नळीचे तुकडे कोंबतात. ते काही महिन्यांत चुरगळतात. काहीजण पितळेचे घालतात, ‘आता आयुष्यभर बघायला नको’ म्हणून. मला ते पटत नाही. गादीच्या जागी दगड ठेवला तर झोपणाऱ्याची पाठ जाते. इथे पाठ म्हणजे गिअरचे दाते. लेथवर कातलेले अ‍ॅसिटल प्लास्टिकचे रोलर मिळतात. कडक, पण किंचित दबणारे आणि तेलाला न घाबरणारे. ते बसवावेत, वरून पांढरं लिथियम ग्रीस, तेही बेताने. पेटी गच्च भरायची नाही.

सगळ्या घरघरीचं कारण एकच असतं असं मात्र नाही. १९९७ ते २००४ च्या कॉर्व्हेटमध्ये बहुधा रोलरऐवजी प्लास्टिकच्या गिअरचे दातेच जातात, आणि आवाज घरघरीपेक्षा ‘कट-कट-कट’ असा येतो. तिथे जुने मेकॅनिक एक युक्ती करतात. दिव्याच्या उठबशीत गिअर पूर्ण वेढा घेत नाही, म्हणून झीज एकाच बाजूला होते. गिअर काढून अर्धा वेढा फिरवून बसवला की कोरे दाते वर्मसमोर येतात. पैसा खर्च न होता काही वर्षं मिळतात. नुसती ‘चीं’ ऐकू आली तर मोटर उघडायचीही गरज नाही, बिजागऱ्या कोरड्या पडल्यात. आणि दिवा कुंथत, संथपणे उठत असेल तर मोटरीची अर्थिंगची तार आधी घासून बघावी.

एका दिव्याचं काम झालं की तो शहाण्यासारखा उठतो, थांबतो, गप्प बसतो, आणि दुसरा त्याच्या शेजारी अजून सुस्कारत असतो. दोघांचं वय एकच. तेव्हा हत्यारं बाहेर आहेत, हात काळे झालेच आहेत, तोवर दुसरी मोटरही उघडून टाकावी. पुढच्या आठवड्यात काचा खाली-वर करणाऱ्या केबलकडे वळू.