पिंपळे सौदागरची जमीन व तिचे वांटेकरी

पुणें शहराच्या वायव्येस, पवना नदीच्या कांठीं, पिंपरीच्या समोरच्या तीरावर पिंपळे सौदागर नांवाचें गांव आहे. त्यास गांव म्हणण्याचा प्रघात अद्यापि चालूं आहे म्हणून आम्हीहि तसें म्हणतों. नाहीं तर आज तेथें शेत शोधावयास निघालेल्या माणसास उंच इमारती, दुकानांच्या रांगा आणि हिंजवडीकडे कामास जाणाऱ्या नोकरदारांच्या मोटारी ह्यांवांचून फारसें कांहीं आढळावयाचें नाहीं. परंतु हिंदुस्थानच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत जीं मोजकीं खेडीं नांवानिशीं गाजलीं, त्यांत हें एक आहे. तेथें घर विकत घेणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ही गोष्ट ठाऊक असेल.

डॉ. हॅरोल्ड मॅन हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १९०७ सालीं पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल होऊन आले. शेतकऱ्याच्या दारिद्र्याविषयीं त्या काळीं सभांतून व वर्तमानपत्रांतून पुष्कळ बोललें जात असे. सरकारचे कैवारी एक सांगत, लोकपक्षाचे पुढारी दुसरें सांगत, आणि दोहोंपैकीं कोणीहि एखाद्या खेड्याच्या उंबऱ्याशीं बसून जमाखर्च मांडलेला नसे. मॅनसाहेबांनीं तें केलें. सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हाणे ह्या मराठी सहकाऱ्यांस बरोबर घेऊन त्यांनीं पिंपळे सौदागरची माती, पाणी, पिकें, गुरें, कर्ज आणि मिळकत ह्यांची कुटुंबवार चौकशी केली, व तिचा वृत्तांत १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. ग्रंथावर साहेबांचें नांव मोठें झालें हें योग्यच. परंतु शेतकऱ्याच्या तोंडून त्याच्या कर्जाचा आंकडा त्याच्याच भाषेंत काढून घेणें हें काम सोपें नव्हे, आणि तें करणाऱ्या मराठी मंडळींचीं नांवें आज कोणी काढीत नाहीं, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

गांवाची ठेवण दख्खनांतील नदीकांठच्या शेंकडों गांवांसारखीच. पवना सह्याद्रींत उगम पावून मावळांतून येते, चिंचवडास वळसा घेते आणि पिंपळे सौदागरावरून खालीं जाऊन दापोडीजवळ मुळेस मिळते. नदीलगत काळी जमीन, वर चढत जावें तसा मुरूम. मावळांतला धोधो पाऊस येथवर पोंचत नाहीं. ज्वारी-बाजरीचा संसार आभाळाकडे पाहूनच करावयाचा. एक गोष्ट मात्र ह्या गांवास विशेष लाभली होती : खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना पायीं जाण्याच्या टप्प्यांत होता. शेत पिकलें नाहीं तरी मजुरी मिळण्याची कांहीं सोय होती, आणि ही सोय गांवाच्या ताळेबंदांत केवढी ठरली तें पुढें दिसेल.

आतां आंकडे पाहूं. १७७१ सालीं, म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीच्या अखेरीस, ह्या गांवांत दर खात्यामागें सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं, पेशवाई बुडाली त्या वर्षीं, ती १७॥ एकरांवर आली. १८२० ते १८४० च्या दरम्यान ती १४ एकर झाली, आणि १९१४-१५ सालीं अवघी ७ एकर राहिली. शेंकडा ८१ खातीं दहा एकरांच्या आंतलीं व शेंकडा ६० पांच एकरांच्या आंतलीं. त्यांतहि एका मालकाची जमीन एका ठिकाणीं नाहीं. १५६ मालकांच्या जमिनीचे सातशेंहून अधिक तुकडे झालेले होते, आणि त्यांपैकीं ४६३ तुकडे एक एकराहून लहान. ज्या तुकड्यांत बैलांस वळावयास जागा नाहीं त्यांत नांगर घालणारा माणूस आळशी आहे म्हणून दरिद्री आहे, असें म्हणणाऱ्यांनीं हे तक्ते वाचावे.

चाळीस एकरांचा आंकडा पाहून पेशवाईंत सोन्याचा धूर निघत होता असें मात्र कोणी समजूं नये. एवढी जिराइत कसावयास बैल किती लागतात तें शेतकरी वाचकांस सांगावयास नको. मोठें खातें म्हणजे मोठी सुबत्ता असें होत नाहीं. पण तेथून सात एकरांपर्यंतची उतरण खरी आहे, व तिचें कारण उघड आहे. तोंडें वाढलीं, दुसरा धंदा उभा राहिला नाहीं, आणि बाप मेला कीं बांध पडला. चौकशी केलेल्या १०३ कुटुंबांपैकीं केवळ ८ कुटुंबें आपल्या जमिनीवर निभावत होतीं. आणखी २८ बाहेरच्या मजुरीच्या जोरावर तोंडमिळवणी करीत होतीं. उरलेल्या ६७ कुटुंबांचा खर्च कोणत्याहि वाटेनें भागत नव्हता.

ह्या रोगावर औषधें सुचविणारे पुष्कळ निघाले. तुकडे पाडण्यास बंदी करावी, लहान तुकडे एकत्र करावे, अशा मताचें एक बिल १९२७ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत आलें, आणि डॉ. आंबेडकरांनीं त्यास विरोध केला. त्यांनीं १९१८ सालींच ह्या विषयावर निबंध लिहून दाखविलें होतें कीं, तुकडा लहान आहे हा मूळ रोग नव्हे. शेतीवर माणसांचा भार फाजील आहे आणि त्यांना सामावून घेणारे कारखाने नाहींत, हा रोग आहे. तुकडेबंदीचा कायदा शेवटीं १९४७ सालीं झाला. पण पवनेच्या खोऱ्यांत निकाल लागला तो आंबेडकरांच्या बाजूनें. पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालीं स्थापन झाला. १९६२ सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ निघालें व भोसरी-चिंचवडच्या माळांवर धुराडीं उभीं राहिलीं. १९७० सालीं नगरपालिका, १९८२ सालीं महानगरपालिका; पिंपळे सौदागर तिच्या हद्दींत गेलें. सबंध महानगरपालिकेची लोकसंख्या २००१ च्या खानेसुमारींत सुमारें १० लक्ष होती, ती २०११ सालीं १७ लक्ष २७ हजारांवर गेली. ज्या तुकड्यांत बैल वळत नव्हता त्याच तुकड्यावर चार जिने व चाळीस बिऱ्हाडें उभीं राहिलीं, आणि जमीन एकरानें मोजणें बंद होऊन चौरस फुटानें मोजणें सुरू झालें.

येथवर जी कथा झाली ती बहुतेकांस आनंदाचीच वाटेल. आमचा प्रश्न येथून पुढें आहे. जमिनीचे इतके वांटे पडले ते कोणाकोणांत? भावाभावांत. ४० चे ७ एकर झाले त्या सबंध दीडशें वर्षांत मुलीचा वांटा धरण्याचें कारणच नव्हतें. शास्त्रानें तिला तो दिलेला नव्हता. तो मागणाऱ्यांस एक ठरलेलें उत्तर मिळे : “आधींच तुकडे थोडे झाले काय, म्हणून आणखी पोरींस वांटा?” उत्तरांत थोडासा तरी अर्थ होता. नांगर चालला पाहिजे, एवढी सबब खरी होती.

आतां नांगरच उरला नाहीं. कायदाहि बदलला आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस बापाच्या हिश्शांत वांटा दिला. महाराष्ट्रानें १९९४ सालीं अविवाहित मुलींस एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत जन्मतः हक्क दिला. २००५ सालीं मध्यवर्ती कायद्यानें विवाहित-अविवाहित हा भेदहि काढला, आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, २००५ सालीं बाप हयात होता कीं नव्हता ह्यावर हा हक्क अवलंबून नाहीं. २० डिसेंबर २००४ पूर्वीं रीतसर झालेल्या वांटण्या तेवढ्या कायम आहेत. वांट्यास येतो तो रोकड पैसा. त्याचे दोनाऐवजीं चार भाग केल्यानें कोणाचें पीक बुडत नाहीं.

असें असतां ह्या पट्ट्यांत, पिंपळ्यापासून चाकणपर्यंत, जमिनीचा सौदा ठरला कीं कोणता कागद तयार होतो? हक्कसोडपत्र. बिल्डरचा वकील बहिणींच्या सह्या मागतो, कारण त्यांचा हक्क कायद्यानें आहे हें त्यास पक्कें माहीत असतें. माहीत नसतें तें बहुधा त्या बहिणीसच. भाऊ मोटार घेऊन येतो, दादा म्हणतो म्हणून ताई सही करते, साडीचोळी घेऊन परत जाते. सही न करणाऱ्या बहिणीस माहेरचें दार बंद होतें, दिवाळीची ओवाळणी बंद होते, आणि “भावाच्या पोटावर पाय दिला” असें सासरचींहि म्हणतात. चुलीपाशीं बसून वाढणारी ती बहीण, ज्या जमिनीचें गवत तिनें लहानपणीं खुरपलें त्या जमिनीची किंमत किती आली हें विचारण्यासहि भिते. ह्यास खुशीचा त्याग म्हणणें ही शुद्ध फसवणूक आहे. खुशी असते ती ज्यास नाहीं म्हणण्याची मुभा आहे त्याची.

आमच्या व्यापारी वाचकांनीं ही खेडवळांची गोष्ट म्हणून पान उलटूं नये. पेढीच्या भागीदारींत मुलीचें नांव किती जणांनीं घातलें आहे, तें त्यांनीं आपल्या वह्या उघडून पाहावें. आम्ही मागतों तें फार नाहीं. हक्कसोडपत्र नोंदवितांना जमिनीची ठरलेली किंमत आणि तिच्या वांट्याची रक्कम त्या कागदांत आंकड्यांत व अक्षरांत लिहावी, ती तिला मराठींत वाचून दाखवावी, आणि त्या वेळीं भावानें खोलीबाहेर थांबावें. एवढें ऐकूनहि ती सोडून देईल तर तिची मर्जी. सही न केल्यास दार बंद होणार नाहीं, हें तिला सांगण्याचें काम मात्र कायद्याचें नव्हे. तें घरांतल्या वडील माणसांचें.

शेतकी कॉलेज पुण्यांत अद्यापि आहे, आणि पुण्याच्या पाठशाळांतून अर्थशास्त्र शिकणारीं मुलें-मुली हजारोंनीं आहेत. त्यांपैकीं कोणीं तरी वही घेऊन पुनः पिंपळे सौदागरास जावें, आणि जुन्या घराण्यांच्या वंशजांकडे दारोदार बसावें. जमीन केव्हां गेली, किती आली, पैसा कोठें गेला, कर्ज फिटलें कीं नवें झालें, हीं सदरें मॅनसाहेबांच्या धर्तीवर मांडतां येतील. त्यांत एक सदर अधिक आंखावें : बहिणी किती, व त्यांस काय मिळालें.